इन्व्हर्टर म्हणतो ५८ टक्के

इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅटरी ५८ टक्के आणि घरात मिट्ट काळोख. एकदा झालं तर माणूस सोडून देतो, पण आमच्याकडे रात्री वीज बराच वेळ गेली की हेच व्हायला लागलं. बॅटरीवरचा दिवा लाल, इन्व्हर्टरची पिं पिं चालू, आकडा मात्र ठणठणीत.

या लिथियम बॅटऱ्या आम्ही ऑगस्ट २०२४च्या पुरानंतर घेतल्या. विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं तेव्हा सुरक्षिततेसाठी कितीतरी भागांतली वीज बंद ठेवली होती. मांजलपूरला आमच्या टेनामेंटच्या गच्चीवर सव्वातीन किलोवॅटची पॅनेलं आहेत. पाऊस थांबून ऊन पडलं, तरी घरात पंखा फिरेना. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची वीज गेली की स्वतःच बंद होतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये, म्हणून तसा नियमच आहे. नियम योग्यच, पण घामाघूम होऊन बसल्यावर तो पटायला जरा वेळ लागतो. मग हायब्रिड, म्हणजे बाहेरची वीज गेली तरी बॅटरीवर घर चालवणारा, इन्व्हर्टर आला आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आल्या. दोन्ही मिळून साधारण १० युनिटं.

बसवणाऱ्याने बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये एक लॅन केबल खोचून पाहिली होती. पडद्यावर ‘बीएमएस कॉम फॉल्ट’ आला, म्हणजे इन्व्हर्टरचा बॅटरीशी संवाद होत नव्हता. त्याने केबल काढून गुंडाळून ठेवली, बॅटरीचा प्रकार ‘लिथियम’ऐवजी ‘यूजर’ केला, व्होल्टेजचे चार आकडे भरले, फॉल्ट गेला. ‘चाले छे ने, बेन!’ म्हणाला आणि बिल दिलं. पुढे काळोखाची तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की केबल लागतेच असं नाही, सगळ्यांकडे व्होल्टेजवरच चालतं.

चालतं, हे खरं आहे. कसं चालतं ते मला मामांनी दाखवलं. मामा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला होते. निवृत्त झाले तरी मल्टिमीटर पिशवीत घेऊनच पाहुणे म्हणून येतात. त्यांनी सेटिंग उघडून पाहिलं: ४४ व्होल्ट म्हणजे शून्य, ५६ म्हणजे शंभर. ‘आता ५१ ला किती होतात, काढ बरं.’ बारापैकी सात, म्हणजे ५८ टक्के. आमचा आकडा तिथून येत होता! लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा व्होल्टेज हळूहळू उतरतो, म्हणून तिथे असा अंदाज बऱ्यापैकी जमतो. आमच्या बॅटऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, त्यांचं तसं नाही. १६ सेलच्या पॅकमध्ये ८० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत व्होल्टेज जेमतेम दीड-दोन व्होल्टने हलतो, आणि तेवढा तर नुसती इंडक्शन शेगडी लावली तरी पडतो. ५१ व्होल्टला या बॅटरीचा तळ जवळ आलेला असतो. नव्या पॅकमध्ये सगळे सेल सारखेच भरलेले असतील असं नाही. एक सेल आधी तळाला गेला की बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पुरवठा तोडतो. इन्व्हर्टरला त्याची आगाऊ खबर नसते.

केबल नीट जोडलेली असेल तर बीएमएस साधारण दर सेकंदाला इन्व्हर्टरला कळवत राहतो: खरा चार्ज किती टक्के, कितीपर्यंत व्होल्टेज चढवायचा, आत किती अँपिअर घेईन, बाहेर किती देईन, तापमान किती. ‘यूजर’मध्ये यातलं काहीही पोचत नाही. शिवाय आमच्याकडे इक्वलायझेशन चालू राहिलं होतं. ती लेड-अ‍ॅसिडला मधूनमधून जास्त व्होल्टेज देऊन ढवळायची सोय. लिथियमला ती नको, प्रत्येक सेलची वरची हद्द ३.६५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण पॅकची ५८.४. मामांनी ते आधी बंद केलं, मग चहा घेतला.

केबलचं दुखणं तिच्या दिसण्यात आहे. दोन्हीकडे आरजे-४५ प्लग, टच्च करून बसतो, त्यामुळे जोडणी झाली असंच वाटतं. पण हे नेटवर्क नाही. आठ पिनांपैकी कोणत्या दोनांवर संदेश सोडायचा ते बनवणाऱ्याने आपल्या मर्जीने ठरवलेलं असतं. दोन्ही माहितीपुस्तिकांतली पिनांची पानं झेरॉक्स करून शेजारी ठेवली. सीएएन म्हणजे हाय आणि लो अशा दोन तारांवरून यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत. बॅटरीच्या सीएएन सॉकेटवर सीएएन-हाय ४ नंबरला आणि लो ५ला, इन्व्हर्टरच्या बाजूला हाय ७ला आणि लो ८ला. बाजारची सरळ लॅन केबल ४ला ४ आणि ७ला ७ जोडते. ती वर्षभर खोचून ठेवली असती तरी एक आकडा पोचला नसता.

रावपुऱ्यातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हवी तशी केबल करून घेतली. दुकानदाराला पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं सांगते आहे. निळी आणि पांढरी-निळी ही एकमेकींना पिळलेली जोडीच वापरायची, एका टोकाला ४-५, दुसऱ्या टोकाला ७-८. बाकीच्या सहा तारा कापून टाकायला सांगितल्या, कारण काही यंत्रांत उरलेल्या पिनांवर पुरवठ्याचा व्होल्टेज असतो. पिना मोजताना क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल आपल्याकडे, मग डावीकडून पहिली १. हे उलटं धरलं की सगळं कोष्टकच उलटतं.

प्लग लावण्याआधी सगळं बंद केलं: घरचा लोड, मग ग्रिडचा ब्रेकर, पॅनेलचा आयसोलेटर, शेवटी बॅटरीचा ब्रेकर. ५१ व्होल्टचा झटका फारसा लागत नाही म्हणून लोक निष्काळजी होतात. पण दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर जातात, पाना वितळतो. मामांच्या हातातल्या पान्याला दांड्यापर्यंत टेप गुंडाळलेली होती.

दोन्ही यंत्रं बंद असताना हाय आणि लोमध्ये रोध मोजला. सीएएनच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर लागतो, दोन समांतर म्हणजे मीटरवर ६० यायला हवेत. आमच्याकडे १२० आले, म्हणजे एकच लागलेला होता. काहीच आलं नसतं तर तार तुटलेली किंवा एकही रेझिस्टर लागलेला नाही, ४० आले असते तर कुठेतरी तिसरा घुसलेला. दुसरा रेझिस्टर बॅटरीवरच्या एका चिमुकल्या डिप स्विचने लागतो, तो टूथपिकने सरकवला. एवढ्याशा लांबीला एकाने भागलंही असतं म्हणे, पण मामांना ६० बघितल्याशिवाय चैन पडलं नसतं.

मग बॅटरीचा प्रकार परत ‘लिथियम’ आणि प्रोटोकॉल, म्हणजे दोघांनी बोलायची भाषा. आमच्या बॅटरीच्या अ‍ॅपमध्ये तो निवडता येतो, इन्व्हर्टरमध्येही यादी आहे. पायलॉनटेक या बॅटरी कंपनीचा सीएएन प्रोटोकॉल इतर बऱ्याच कंपन्यांनी उचलल्यामुळे तो दोन्ही याद्यांमध्ये सापडला. वेग ५०० केबीपीएस. बॅटऱ्या आधी चालू केल्या, इन्व्हर्टर नंतर. या वेळी फॉल्ट आला नाही, आणि पडद्यावर ५८ऐवजी २१ टक्के आले.

पण चार्जिंगची मर्यादा ५० अँपिअर दिसत होती. आमची प्रत्येक बॅटरी ५० घेते, दोघींचे मिळून १०० यायला हवे होते. म्हणजे इन्व्हर्टरला एकच बॅटरी दिसत होती. दोन्हींचा पत्ता डिप स्विचवर सारखाच ठेवलेला निघाला. जिच्यातून केबल इन्व्हर्टरला जाते ती १, दुसरी २, असं करून पुन्हा चालू केल्यावर १०० आले. फॉल्ट गेल्यावर बहुतेक जण इथेच थांबत असतील. तो अँपिअरचा आकडा मात्र जरूर बघावा.

पुढे एक किरकोळ तक्रार उरली, तीच जास्त चिवट निघाली. दुपारी ऊन कडक झालं की संवाद क्षणभर तुटे आणि परत येई. रात्री कधीच नाही. प्रोटोकॉल चुकीचा असता तर कधीच चाललं नसतं, म्हणून सेटिंगला हात लावायचा नाही असं मामांनी बजावलं. केबल बसवताना ती बॅटरीच्या जाड डीसी वायरींना झिप-टायने बांधलेली होती, आणि दुपारी त्याच वायरींमधून सगळ्यात जास्त करंट जातो. शील्ड, म्हणजे तारांभोवती धातूचं आवरण, असलेली केबल घेतली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, वायरींपासून वीतभर लांबून, ओलांडायचं तिथे काटकोनात नेली. त्यानंतर तुटणं थांबलं.

आता प्रश्न राहिला एका सेटिंगचा: संवाद तुटला तर इन्व्हर्टरने बॅटरी वापरणं बंद करायचं की व्होल्टेजवर चालू ठेवायचं? मामा म्हणाले, ‘अगं, सिग्नल गेला की यंत्र थांबलंच पाहिजे, कारखान्यात यावर चर्चा नसते.’ माझं म्हणणं, बीएमएस स्वतः संरक्षण करतोच आहे, मग मध्यरात्री एक क्लिप सैल झाली म्हणून सासूबाईंचा पंखा का बंद पडावा? शेवटी ‘बंद करा’च ठेवलं. सासूबाईंच्या खोलीतला दिवा आणि पंखा जुन्या ट्यूब्युलर बॅटरीच्या इन्व्हर्टरवर परत टाकले आहेत. त्या बॅटरीला अधूनमधून डिस्टिल्ड पाणी घालावं लागतं, तेवढंच.