हानलेची गाडी, नोंद सातवी : 22 किलोंचा हिशेब

परवा सकाळी गोव्यातल्या उसगावकडच्या एका वजनकाट्यावर आमची गाडी चढवली, लांबच्या प्रवासासाठी आत राहण्याजोगी करतोय ती. पूर्वी इथं खनिजाच्या ट्रकांच्या रांगा असायच्या; 2018 मध्ये 88 खाणपट्टे रद्द झाले तेव्हापासून ती गर्दी गेली. काटेवाल्यानं आत डोकावून बघितलं. पलंग, ओटा, पडदे दिसल्यावर म्हणाला, "हांगा कोण रावता?" (इथं कोण राहतं?) आणि पावती हातात दिली.

आरसीवरच्या मंजूर वजनातून पावतीवरचा आकडा वजा केला तर उरतात 310 किलो. घरी येऊन आम्ही पाचही जण एकेक करून काट्यावर उभे राहिलो : मी 78, बायको 61, थोरला 58, आई 54, धाकटी 37. बेरीज 288. म्हणजे पाणी, गॅस, कपडे, तांदूळ, औषधं, पाने-जॅक आणि थोरल्याची दुर्बीण, सगळं मिळून 22 किलोंत बसवायचं. पाण्याची टाकीच 80 लिटरची.

मागचं ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात : जुनी फोर्स ट्रॅव्हलर मिनीबस, फोंड्यात घराशेजारच्या शेडमध्ये काम, आणि पुढच्या मे महिन्यात लडाखमधलं हानले गाठायचा बेत. थोरल्याला तिथलं आकाश बघायचंय. 2022 मध्ये हानलेचा परिसर डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपण्यासाठी राखलेला प्रदेश, म्हणून जाहीर झाला तेव्हापासून हे खूळ घरात आहे.

वजन वाढलं कशानं? गोव्याच्या पावसाच्या धास्तीनं. मेस्त म्हणाला, मरीन प्लाय घाल, फुगचें ना. मी उत्साहात सगळीकडे 18 मिलिमीटर जाडीचं घातलं. आठ बाय चारची एक शीट 35 किलोंच्या आसपास भरते, हे दुकानदाराला ठाऊक होतं, मेस्ताला ठाऊक होतं, मीच विचारलं नव्हतं. आता पलंगाचा तळ काढून पट्ट्या मारतोय, कपाटांना 9 मिलिमीटर. त्यातून 48 किलो सुटतील. टपावरचा एसीही काढला, 32 किलो. तो मेमध्ये मध्य प्रदेशातून जाताना लागणारच, असं बायकोचं म्हणणं होतं, आणि ते चुकीचं नाही. पण दोन्ही बॅटऱ्या मिळून अडीच हजार वॉट-तास. एसी सातशे वॉट खातो. साडेतीन तासांत अंधार. त्यापेक्षा मैदानी भागातल्या रात्री लॉजवर काढू, असं ठरलं. आता उरतात 102 किलो. टाकी 40 लिटरची केली की 62. त्यात पाच जणांचा संसार.

बॅटरीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांकडे याच जातीच्या आहेत. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते. थंडीत लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवरच साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं राखण करणारं सर्किट, चार्जिंग आपोआप तोडेल. पण गोव्यात शून्य अंश आणायचं कुठून? कुंकळ्ळीला ओळखीच्या एकाचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. एक बॅटरी तिथं बांगड्यांच्या पेट्यांवर ठेवली. ती उणे 6 ला आल्यावर बाहेर काढून चार्जर जोडला. ॲमीटर शांतपणे 10 अँपियर दाखवत राहिला. बीएमएस ढिम्म. मी लगेच वायर ओढली. आता तापमानाचा वेगळा सेन्सर आणि कटऑफ बसवतोय, आणि दोन्ही बॅटऱ्या बाहेरच्या पेटीतून आत, पलंगाखाली घेतल्यात. बाहेरची पेटी मी केवढ्या हौसेनं केली होती, समुद्राची हवा लागू नये म्हणून पावडर कोटिंग वगैरे. आता तिच्यात चपला राहतील. बॅटरीला अजून मासळीचा वास येतो.

मार्ग बदललाय. मनालीवरून जायचं होतं, अटल बोगद्यातून. तो 9.02 किलोमीटरचा बोगदा मुलांना दाखवायचाच होता. पण मुलांची सुट्टी मेमध्येच, आणि वाटेतली बारालाचा ला खिंड तेव्हा उघडलेली असेल याचा नेम नाही. शिवाय त्या वाटेवर सरचूच्या आसपास मुक्काम पडतो, सव्वाचार हजार मीटरवर. गोव्याचं सर्वांत उंच टोक, सत्तरीतला सोसोगड, 1,200 मीटरही नाही. समुद्रसपाटीवरच्या माणसांना, त्यात आईला, तिसऱ्या-चौथ्या रात्री तिथं झोपवणं हा वेडेपणा झाला असता. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची दिवसाला पाचशेहून जास्त वाढवू नये म्हणतात. म्हणून आता श्रीनगरवरून : सोनमर्ग, झोजिला (3,528 मीटर), कारगिलला मुक्काम, मग फोटू ला ओलांडून लेह. फोटू ला 4,108 मीटर आहे, पण तिथं झोपायचं नाही, नुसतं ओलांडायचं. लेहला तीन रात्री स्वस्थ. मग एकदम हानले न गाठता मधे सिंधूकाठी चुमाथांगला, गरम झऱ्यांपाशी थांबायचं. आईच्या डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्यात, त्या बघूनच तिचं नक्की होईल. फोंडा ते लेह सुमारे तीन हजार किलोमीटर. परतीला बाकीचे विमानानं येतील, गाडी मी आणीन.

गॅसबद्दल एक. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला वायू व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे 42 ला. आपल्या सिलिंडरात दोन्हीचं मिश्रण, त्यामुळे हानलेच्या पहाटे शेगडी रडत पेटणार. तिथला सकाळचा चहा रात्रीच थर्मासमध्ये भरून ठेवायचा.

शिजवायचा प्रश्न त्याहून मोठा. हानले गाव 4,300 मीटरवर. पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं. कुकर बाहेरच्या दाबावर ठरावीकच दाब चढवतो, त्यामुळे आत 120 ऐवजी 113. म्हणजे प्रत्येक गोष्टीला जास्त वेळ, जास्त गॅस. बायकोनं पोहे, रवा आणि मुगाची डाळ अशी यादी केली. आईनं ती वाचली आणि विचारलं, "उकडे तांदूळ खंय?" मी समजावलं की उकडा तांदूळ इथंच शिजायला अर्धा तास घेतो. ती म्हणाली, पेज नसेल तर मी आजारीच पडेन, मग तुझ्या मीटरांचं काय करायचं?

किरकोळ : बदलांच्या मंजुरीचे कागद आरटीओत दिलेत. हानलेसाठी काय परवानगी लागते ते बघून ती जायच्या आधी काढू. बाहेरची प्रीपेड सिम लडाखात चालत नाहीत, म्हणून दोन पोस्टपेड केली. खिडक्यांना जाड दुहेरी पडदे शिवायला टाकलेत. थंडी आत येऊ नये आणि उजेड बाहेर जाऊ नये, दोन्हीसाठी. बीएस-6 गाडी असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, डेफ (डिझेलचा धूर स्वच्छ करायला लागणारं द्रावण) उणे 11 ला गोठतं. आमची जुनी असल्यानं ती कटकट नाही. पुढचा मुक्काम आंबोली, या पावसातच, टपावरचा पंखा गळतो का ते बघायला.

काल रात्री आईनं शेल्फवरून काटा काढला आणि एक पिशवी त्यावर ठेवली : उकडे तांदूळ, आमसुलं, सुकी सुंगटां (कोळंबी). दोन किलो भरली. मी वही उघडून 62 मधून वजा करायला लागलो तर म्हणाली, "थांब. माझं वजन तू साडी नेसलेलं घेतलंस, वर हातात पाण्याचा तांब्या होता. मी 52 ची आहे. हे दोन किलो माझेच."

वहीत 54 खोडून 52 लिहिलं.