काकांना परसाकडे कधी झालं?

रात्री सव्वादोनला कॅज्युअल्टीतून पेशंट वर आला. दोन्ही हात बँडेजने स्ट्रेचरला बांधलेले. केसपेपरवर लिहिलेलं : वागणुकीत बदल, आरडाओरडा, सायकियाट्री रेफरन्स. वय ६४, निवृत्त तलाठी, गळ्यात तुळशीची माळ. मागून बायको, छातीशी प्लास्टिकची पिशवी धरून.

खाली शुगर बघितली होती, सीटी झाला होता, रक्त गेलं होतं. ती पिशवी कुणी उघडली नव्हती. नर्स म्हणून एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं शिकले की निम्मं निदान त्या पिशवीत असतं. डायबेटिसच्या चिठ्ठ्या, चष्म्याचा नंबर, देवस्थानची पावती आणि त्याखाली दीड वर्षापूर्वीची सोनोग्राफी : सिरोसिस, म्हणजे लिव्हर वाळून निबर झालेलं. खाली म्हणे कुणीतरी माळ बघून म्हणालं होतं, ‘दारू नाही, मग लिव्हर कशाला खराब होईल?’ शुगर आणि चरबी यांनीही लिव्हर वाळतं, हे आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरींना ठाऊक असतं.

मी विचारलं, “काकू, काकांना परसाकडे कधी झालं?”

त्या चक्रावल्या. मग बोटं मोजली. एकादशीच्या आदल्या दिवशी. म्हणजे पाच दिवस. मध्ये साबुदाणा, भगर, बटाटा. शिवाय रात्रभर जागतात, दिवसा झोपतात, संशय घेतात म्हणून आठ दिवसांपूर्वी कुणीतरी झोपेची गोळी सुरू केलेली. ती गोळी पचवायला लिव्हरच लागतं.

हात सोडले आणि म्हटलं, “काका, ट्रॅफिक पोलिसासारखे हात पुढे करा.” तळवे क्षणभर थांबले, गळून पडले, पुन्हा वर आले. पाखराने पंख मारावेत तसे. तोंडाला तो गोडसर, कुबट वास. रेसिडेंट डॉक्टरला उठवलं. पोरगा दोन दिवस झोपला नव्हता, तरी हात बघताच त्याची झोप उडाली.

लिव्हरमुळे डोकं फिरण्याचा हा आजार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मोठ्या आतड्यातले जंतू प्रथिनं आणि युरिया फोडतात, त्यातून अमोनिया निघतो. धडधाकट लिव्हर तो रोज गुपचूप निपटतं. वाळलेल्या लिव्हरला ते झेपत नाही, रक्त आडवाटेने पुढे जातं आणि अमोनिया मेंदूत पोचतो. आधी झोप उलटी होते, मग स्वभाव बदलतो, मग माणूस घर ओळखत नाही. मळ पाच दिवस आत राहिला की जंतूंना पाच दिवसांची मेजवानी.

उपाय म्हणजे लॅक्ट्युलोज. ही साखर आपल्याला पचत नाही, जंतूंना पचते. ते तिचं आम्ल करतात, त्या आम्लात अमोनिया अडकतो आणि मळाबरोबर बाहेर जातो. तोंडाने देण्याजोगे काका नव्हते, ठसका लागला असता. मग एनिमा. ३०० मिली लॅक्ट्युलोज, ७०० मिली कोमट पाणी, डाव्या कुशीवर, पलंगाची पायाकडची बाजू विटांवर. ओतणं सोपं असतं, ते अर्धा तास आत टिकवणं हे खरं काम. कॅन उंच धरला की सगळं लगेच चादरीवर. मी कॅन कमरेच्या वर नेत नाही, कळ आली की नळी चिमटीत धरते, थांबते, पुन्हा सोडते. वॉर्डच्या मावशींनी मॅकिनटॉश, म्हणजे खालचं रबरी कापड, दोनदा बदललं आणि मला मनातल्या मनात काय काय म्हणाल्या असतील ते असो.

पहाटेपर्यंत तीनदा झालं. आमच्या वॉर्डात जुलाबाला टाळ्या पडाव्यात असा हा एकच आजार.

मी चार्टच्या मागच्या बाजूला रोज सकाळी अशा पेशंटची सही घेते. पहिल्या दिवशी काकांनी नुसती कोळ्याची जाळी काढली. दुसऱ्या दिवशी आडनावाचं पहिलं अक्षर. चौथ्या दिवशी लपेटेदार सही, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. आयुष्यभर सातबाऱ्यावर केलेली. वर मलाच म्हणाले, “तारीख राहिली.”

घरी जाताना सांगितलं : दिवसाला दोन-तीनदा सैल झाली पाहिजे, त्या बेताने औषध कमीजास्त करा. डाळ-दूध बंद करू नका.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच स्ट्रेचर. आता पुण्याहून मुलगा बरोबर. काकांना भजनात मध्येच उठावं लागायचं, लाज वाटायची. म्हणून मुलाने लॅक्ट्युलोज थांबवून प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरू केल्या. “सिस्टर, गट-ब्रेन ॲक्सिस, आतड्याचं आणि मेंदूचं कनेक्शन. मूड सांभाळणारं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं. हे चांगले बॅक्टेरिया आहेत.”

पोरगा खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत. ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, हे त्याच्या मोबाइलने सांगितलं नव्हतं एवढंच. आतड्यातले जंतू डोकं फिरवतात याचा पुरावा त्याच्याच बापाच्या रूपाने कॉटवर होता. रेसिडेंट म्हणाला, चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधला अशाच १३० पेशंटचा अभ्यास २०१४ साली छापून आलाय. सहा महिने प्रोबायोटिक घेतलेल्यांना पुन्हा ॲडमिट व्हावं लागायचं प्रमाण कमी होतं. पण तिथे रोजचे ९०० अब्ज जंतू होते. या डबीवर लिहिलेलं ५ अब्ज. आणि डबी लॅक्ट्युलोजच्या तिप्पट किमतीची. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि कॅन काढला.

त्या पहाटे काकू माझ्या टेबलाशी आल्या.

“सिस्टर, ते मला या दिवसांत जे जे बोलले, ते पोटातलं विष बोललं का?”

“हो काकू. आजाराचं बोलणं ते. मनाला लावून घेऊ नका.” हे वाक्य मी शेकडो जणींना दिलंय.

“माझ्या भावाला मी पाचशे रुपये दिले होते, यांना न सांगता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. चाळीस वर्षं हा माणूस त्यावर एक शब्द बोलला नाही. परवा रात्री तेच काढून ओरडत होते. मला वाटायचं त्यांना माहीतच नाही.”

मी गप्प.

“शुद्धीवर आले की त्यांना काहीच आठवत नाही. मी विचारू का?”

अमोनियाने पाचशे रुपये कुठून आणले असतील? जे नव्हतंच ते तयार केलं नाही, एवढं उघड आहे. मग चाळीस वर्षं ते झाकून ठेवणारा माणूस खरा, की ते ओरडणारा? सायकियाट्रीचा रेफरन्स मीच तर रद्द करायला लावला होता.

तेवढ्यात वॉर्डबॉय मामांनी पडद्यामागून हाक मारली. काकांना झाली होती. मी चार्ट ओढला आणि लिहिलं : ५.४०, सैल, भरपूर. काकू अजून टेबलाशीच उभ्या होत्या.