बार्बाडोसमध्ये बाहेर जेवायचं तर आधी बिल वाचायला शिका

बार्बाडोसबद्दल सगळीकडे एकच ऐकायला मिळतं: टपरीवर खा, स्वस्त आहे, मासे ताजे आहेत. मासे ताजे आहेत हे खरं. स्वस्ताई मात्र दक्षिण किनारा, ब्रिजटाउन आणि गावोगावची रमशॉप्स (रम आणि साधं खाणं देणारी छोटी दुकानं) एवढ्यापुरतीच. पश्चिमेला होलटाउनच्या बाजूला दोघांचं एक रात्रीचं जेवण अख्ख्या दिवसाचं बजेट गिळतं, आणि त्यातला बराच भाग ताटात आलेलाच नसतो.

गोंधळ चलनापासून सुरू होतो. बार्बाडोस डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे: १ अमेरिकी म्हणजे २ बार्बाडोस. हिशेब सोपा, पण दोन्ही नोटा चालतात आणि दोन्हींचं चिन्ह तेच. मेनूवर नुसतं ६० लिहिलेलं असतं. साध्या खानावळीत ते स्थानिक डॉलर असतात. समुद्राला लागून असलेल्या महागड्या जागी, बीच क्लबात आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी ते अमेरिकी असू शकतात, म्हणजे थेट दुप्पट. आकडा ऐकला की पहिला प्रश्न एकच: ‘बेजन की यूएस?’ स्थानिक लोक स्वतःला आणि स्वतःच्या डॉलरला बेजनच म्हणतात. हे विचारण्यात संकोच नको, तिथले लोकही विचारतात.

आता बिल. रेस्टॉरंटवरचा व्हॅट १७.५ टक्के. त्यावर सेवाशुल्क, बहुतेक ठिकाणी १०, काही ठिकाणी १५ टक्के. व्हॅट दरात धरलाय की वरून लागणार, हे मेनूच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं. ती ओळ ऑर्डर देण्याआधी वाचायची. उदाहरण घ्या: दोन मुख्य पदार्थ १८०, एक स्टार्टर ४०, दोन पेयं ५०, पाण्याची बाटली १५, एकूण २८५ बेजन. दरात व्हॅट धरलेला असेल आणि १० टक्के सेवाशुल्क वरून लागलं तर ३१३.५०. दोन्ही वरून लागले तर ३६३.३८. मग कार्डाचं मशीन हातात येतं आणि त्यावर टिपचा रकाना मोकळा असतो. अमेरिकेच्या सवयीने तिथे १५ टक्के टाकले की ४१८ च्या आसपास. म्हणजे मेनूत दिसलेल्या रकमेपेक्षा जवळजवळ ४७ टक्के जास्त, तेही कोणी तुम्हाला फसवलेलं नसताना. सेवाशुल्क बिलात असेल तर टिपचा रकाना शून्य ठेवा. वाढणाऱ्याने खरंच जीव लावून वाढलं असेल तर थोडी रोख हातात द्या, मशीनवर नको.

त्याच मशीनवर दुसरा सापळा असतो: ‘रुपयात भरायचं की स्थानिक चलनात?’ नेहमी बार्बाडोस डॉलर निवडा. रुपयातला दर मशीनवाल्यांच्या सोयीचा असतो. शिवाय भारतातली बहुतेक कार्डं परदेशी व्यवहारावर स्वतःचा अधिभार लावतातच, साधारण २ ते ३.५ टक्के. कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधीच चालू करून ठेवा. अमेरिकी नोट दिली तर सुटे बेजनमध्ये परत येतात. एटीएममधूनही बेजनच निघतात आणि टपरी, बस, रमशॉप या तिन्हींना तेच लागतात.

पाणी: नळाचं प्या. बेटाखाली प्रवाळाचा चुनखडक आहे, त्यातून झिरपून आलेलं हे पाणी पिण्यालायक आणि चवीलाही चांगलं. बसल्या बसल्या ‘टॅप वॉटर’ असं स्पष्ट सांगितलं नाही तर बाटली उघडून समोर येते.

‘मार्केट प्राइस’ लिहिलेल्या माशाचा किंवा लॉब्स्टरचा भाव वजनावर की नगावर, आणि कुठल्या डॉलरमध्ये, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. मेनूवर ‘डॉल्फिन’ दिसला तर दचकू नका, तो माही-माही मासा आहे.

पश्चिम किनाऱ्यावर जायचंच असेल तर वेळ नीट निवडा. सूर्यास्त ऋतूप्रमाणे साधारण साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान होतो आणि लगेच अंधारतं. सात वाजता समुद्रकाठचं टेबल घेणारा माणूस काळ्या पडद्यासमोर बसून दृश्याचे पैसे भरतो. साडेपाचचं टेबल मागा, नाहीतर दुपारी जा. दुपारचा मेनू बऱ्याच ठिकाणी हलका आणि बराच स्वस्त असतो. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आरक्षणाशिवाय जागा मिळणं कठीण, आणि आरक्षणाला कार्डाचा नंबर मागितला तर रद्द करण्याची अट वाचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात उलट गत: कित्येक नावाजलेली ठिकाणं काही आठवडे बंदच असतात. पोहण्याच्या कपड्यांत किंवा बनियनवर रात्री आत घेत नाहीत. लष्करी छापाचे कपडे मात्र कुठेच घालू नका, लहान मुलांचेसुद्धा. तिथे तो कायद्याने गुन्हा आहे.

माझ्या मते पश्चिमेची एक रात्रही वगळली तरी चालेल. ऑइस्टिन्सचा शुक्रवार मात्र वगळला तर बार्बाडोसला गेलातच कशाला!

ऑइस्टिन्स हे दक्षिण किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. शुक्रवारी रात्री तिथल्या टपऱ्यांवर शेगड्या पेटतात, वाजणं-नाचणं सुरू होतं आणि अर्धं बेट तिथे लोटतं. सहाला पोहोचा. सात-साडेसातनंतर टूरच्या गाड्या रिकाम्या होतात आणि ताटासाठी तासभरही थांबावं लागतं. गर्दी नको असेल तर आठवड्यात इतर दिवशीही काही टपऱ्या चालू असतात. मासे तेच, नाच नाही.

टपऱ्यांचे मेनू जवळपास सारखे असतात, त्यामुळे नावापेक्षा शेगडीकडे बघा: समोर भाजून लगेच वाढताहेत की भाजलेले तुकडे ट्रेमध्ये झाकून ठेवलेत? ट्रे दिसला की पुढे सरका. मार्लिन आणि स्वोर्डफिश जरा जास्त भाजले की कोरडे पडतात. ट्यूना सहसा आतपर्यंत पूर्ण शिजवून देतात, मऊ हवा असेल तर आधी सांगा. माही-माही सगळ्यांत बिनधोक. किंगफिश आपल्या सुरमईच्या जातकुळीतला, कोकणी जिभेला लगेच पटेल. उडता मासा, म्हणजे फ्लाइंग फिश, हा देशाचा मानबिंदू. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून, एरवी बर्फातला मिळतो. मसाला थाइम, मार्जोरम, कांद्याची पात, लसूण, लिंबू आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा. ताटासोबत दोन जोड पदार्थ येतात. मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेला मॅकरोनीचा थर) घ्या, फ्राइज घेऊन पोट वाया घालवू नका. पेयं वेगळ्या काउंटरवरून स्वतः आणलेली बरी. पैसे रोख, सुट्या नोटांत.

जाताना बस. भाडं ३.५० बेजन, सरकारी बसला नेमके सुटे लागतात, परत काही मिळत नाही. ‘झेडआर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या खासगी व्हॅन सुटे देतात, पण माणसं कोंबतात आणि गाणी कान फाडतात. थांब्याच्या पाटीवर ‘टू सिटी’ असेल तर बस ब्रिजटाउनकडे, ‘आउट ऑफ सिटी’ असेल तर उलट. परतीला टॅक्सी घेतलीत तर तिला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं आणि चलन दोन्ही ठरवा.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा. ‘व्हेज’ म्हटल्यावर तिथे फक्त मांसाचे तुकडे बाजूला होतात. राइस अँड पीज, म्हणजे तुरीच्या दाण्यांचा भात, यात चवीला खारवलेलं डुकराचं मांस सर्रास शिजवतात. कू-कू म्हणजे मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेली घट्ट उकड. ती चालेल, पण तिच्यावरचा रस्सा माशाचा असतो. मॅकरोनी पायमध्ये अंडं असू शकतं. ‘फिश केक’ खारवलेल्या कॉडची भजी आहेत, आणि पावात अशी दोन घातली की त्याला ‘ब्रेड अँड टू’ म्हणतात. शनिवारचं ‘पुडिंग अँड सूस’ ऐकून गोड काहीतरी समजू नका: लिंबूपाण्यात मुरवलेलं डुकराचं मांस आणि वाफवलेलं मसालेदार रताळं.

मग खायचं काय? कुठल्याही रमशॉपमध्ये चीज कटर: गोल सॉल्ट ब्रेडमध्ये चीजचा जाड तुकडा. भाजीची किंवा बटाट्याची रोटी, त्रिनिदादमार्गे आलेली, डाळीची पूड भरलेल्या पातळ पोळीत गुंडाळलेली. एकीत जेवण होतं. तळलेली केळी. आणि ब्रेडफ्रूट, म्हणजे आपला नीरफणस. कोकण-गोव्यात त्याची कापं होतात, इथे भाजून, कुस्करून किंवा काकडी-लिंबू लावून थंड देतात. मासे खाणाऱ्यांनी ब्रिजटाउनजवळ पेबल्स बीचवरच्या कझच्या टपरीचा फिश कटर (तशाच पावात मासा) चुकवू नये.

काउंटरवर गेल्या गेल्या ऑर्डर सांगू नका. आधी ‘गुड आफ्टरनून’. हे न म्हणणारा माणूस तिथे उद्धट ठरतो आणि त्याची पाळी कशी कोण जाणे मागे जाते. सेवा मुळातच संथ आहे, उपाशी पोटी जाऊ नका.

पूर्व किनारा देखणा आहे, पण बाथशिबाकडे दुपारीच जेवून घ्या, अंधार पडल्यावर फारसं काही उघडं नसतं.

टेबलावरचा पिवळा पेपर सॉस मोहरी आणि स्कॉच बॉनेटचा असतो. ठेच्यावर वाढलेल्यांनीही पहिल्यांदा चमच्याच्या टोकानेच घ्यावा. आवडला तर सुपरमार्केटमधून बाटली घ्या, विमानतळापेक्षा तिथे स्वस्त. ती चेक-इनच्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून.