ताडपत्रीखालच्या होड्या : अपडेट ३

जुलैअखेर २५ होड्यांचे फोटो पूर्ण करतो असं मागे छातीठोक म्हटलं होतं, झाल्या १९, त्यातल्या ५ रविवारी आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपने बाद केल्या, म्हणजे हिशोब १४ वर आलाय.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. पूर्वी नारळाच्या झावळ्यांची झापं असायची, आता निळी ताडपत्री आणि ती उडू नये म्हणून वर जुनं जाळं, टायर, वाळूच्या गोणी, जे हाताला लागेल ते. रत्नागिरीकडच्या राजिवडा आणि काळबादेवीला मी एवढंच काढतोय. एका होडीचा एकच फोटो, बाजूने, कॅमेरा छातीच्या उंचीवर, ३५ एमएम लेन्स, अ‍ॅपर्चर एफ ८. आयडिया बेशरमपणे बेशर जोडप्याची ढापली आहे. बर्न्ड आणि हिला बेशर जर्मनीत वर्षानुवर्षं पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे असेच सरळ समोरून, ढगाळ उजेडात काढत बसले आणि १९९० ला व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं! ढगाळ उजेडासाठी ते वाट बघायचे, आपल्याकडे तो चार महिने फुकट, फक्त त्याबरोबर पाऊसही येतो. एका लेन्सला फंगस लागलाच, आता बाकीच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवल्यात, घरचे विचारतात फरसाण कुठे गेलं.

तर रविवार. एकाच्या पडवीत सतरंजीवर ४ बाय ६ ची प्रिंट मांडून बसलो, लाइट गेलेली. आमचा नियम असा की ज्याचं काम आहे त्याने पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही, आणि हे मला भयंकर जड जातं. एकाने रात्रीचा एसटी स्टँड मोबाईलवर काढून आणलेला, ठीक होता. एका ताईंनी सासूबाईंच्या दुपारच्या झोपेचे सात फोटो आणले, त्यावर बराच वेळ कोणी बोललंच नाही, मला वाटतं दिवसातलं सगळ्यात चांगलं काम तेच.

माझ्या पाच बाद झाल्या त्या सगळ्या ‘सुंदर’ होत्या. मागे लाल आभाळ, ओली वाळू चमकतेय वगैरे. बाजूला काढल्यावर उरलेल्या एकदम एकमेकींशी बोलायला लागल्या, हे मान्य करायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

पण खरी गंमत पुढे. ग्रुपमधला एकजण राजिवड्याचा, घरात दर्यावरचाच धंदा. तो गप बसून बघत होता, मग एकेक प्रिंट उचलून म्हणायला लागला, ही आमच्या काकाची, ही शेजाऱ्यांची, आणि ही बांधलीय ती कुणा नवीन पोराने, नाखवा असा नाय बांधणार. मी म्हटलं, अरे नाव तर ताडपत्रीखाली आहे, तुला कळतं कसं? तर म्हणे, दोरी बघ की. कोण गाठ नाळेशी (होडीच्या पुढच्या टोकाशी) मारतो, कोण दोरी पोटाखालून फिरवतो, कोण टायर दोनच ठेवतो पण बरोबर जागेवर. मी महिनाभर आकार आणि रंग बघत होतो आणि दोरी माझ्या निम्म्या फोटोत धड फोकसमध्येसुद्धा नाही!

म्हणून पुढचं असं ठरवलंय की तीच होडी, तीच जागा, पण थोडं पुढे सरकून, गाठी नीट दिसतील असं. निम्मं काम परत करायचं आहे आणि हातात दिवस थोडे, कारण नारळी पौर्णिमा जवळ आली की ताडपत्र्या उतरायला लागतात, काळबादेवीला दोन उतरल्यासुद्धा. काकांच्या होडीची प्रिंट त्याने मागून नेली. काकांनी बघितली आणि पहिला प्रश्न विचारला की मागची गोण कुणी सरकवली.