केळं तोडल्यावरही श्वास घेतं

मागच्या महिन्यात ओळखीतल्या एकांबरोबर केळी पिकवायच्या थंड खोल्या बघायला गेलो होतो, रायपनिंग चेंबर म्हणतात त्याला. दार उघडलं आणि मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात तिथल्या ऑपरेटरने हात आडवा धरला, म्हणाला थांबा जरा, आतली हवा बाहेर जाऊ दे आधी. मला वाटलं पिकवायचा गॅस असेल म्हणून अडवतोय, तर म्हणाला तो अगदीच थोडा असतो हो, केळ्यांनी रात्रभर श्वास सोडलाय, कार्बन डायऑक्साइड साठलाय. तो बाहेर काढला नाही तर माणसाला त्रास होतोच, पण केळ्यांचं पिकणंही रेंगाळतं.

केळ्यांनी श्वास सोडलाय. हे वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

कारण शेतातून आपल्या ताटापर्यंत जो एवढा मोठा धंदा उभा आहे, पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज, रीफर म्हणजे आतला माल गार ठेवणारे कंटेनर, सुपरमार्केटची गोदामं, तो सगळा या एका गोष्टीभोवती फिरतो. फळ किंवा भाजी तोडली तरी ती जिवंत असते, श्वास घेते, स्वतःतलीच साखर जाळते आणि त्यातून उष्णता निघते. ढोबळ हिशोब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की हा श्वास दुपटी-तिपटीने वाढतो, म्हणजे उन्हात तापलेला माल तसाच क्रेटमध्ये रचून ठेवला तर तो स्वतःलाच शिजवत बसतो. म्हणून माल तोडल्यावर पहिलं काम असतं शेतातली उष्णता काढायची, याला प्रीकूलिंग म्हणतात. पालेभाजीसाठी तर काय सुंदर पद्धत आहे, क्रेट बंद टाकीत ठेवतात आणि आतली हवा खेचून घेतात, दाब कमी झाला की पानांतलं थोडंसं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, साधारण अर्ध्या तासात अख्खा ढीग आतपर्यंत गार. बर्फ नाही, पाण्याचा फवारा नाही, पान स्वतःच्याच ओलाव्याने गार होतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा किती तरी वेळ मी त्याचाच विचार करत होतो.

परत केळ्यांकडे येतो. केळी हिरवीच तोडतात, चीक धुतात, फण्या करून खोक्यात भरतात आणि 13 ते 14 अंशांवर जहाजात चढवतात. त्याच्या खाली गेलं की सालीला थंडी बाधते, रंग राखाडी पडतो आणि मग ती कितीही दिवस ठेवा, धड पिकत नाहीत. थोडं वर गेलं की वाटेतच पिकायला लागतात. एक-दोन अंशांच्या या पट्टीत ती हजारो किलोमीटर येतात आणि मग या खोल्यांत त्यांना इथिलीन देतात, हवेच्या लाख भागांत साधारण 10 ते 15 भाग, साधारण एक दिवस. हा वायू फळं स्वतःही तयार करतात, बाहेरून दिलेला फक्त इशारा असतो. इशारा मिळाला की केळी जोरात श्वास घ्यायला लागतात आणि तापतात, ती इतकी की खोली सतत गार करत राहावी लागते. ऑपरेटरने खोक्यातलं एक केळं काढलं आणि त्यात सुईसारखा थर्मामीटर खुपसला. भिंतीवरचा आकडा हवेचा आहे, म्हणाला, मला केळ्याच्या आतला पाहिजे. दुकानाला माल चार दिवसांनी हवा की सहा, त्यावर तो आतला आकडा ठरवतो.

सफरचंदाचं उलटं. त्याला जागं करायचं नसतं, झोपवायचं असतं. 1920 च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी सफरचंदं कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून बघितली आणि त्यातून आजची नियंत्रित वातावरणाची कोठारं आली. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन 21 टक्के, या कोठारांत बहुतेक वेळा 1 ते 3 टक्के. तिथे थांबा जरा म्हणून भागत नाही, दाराला कुलूपच असतं, कारण आत गेलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. सफरचंदं मात्र त्यात आठ-दहा महिने ताजी राहतात. आपण वर्षभर करकरीत सफरचंद खातो त्यामागे ही अडवून धरलेली श्वासाची गती आहे.

आणि थंडीत माल दूर न्यायच्या या धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट आहे, डनेडिन नावाच्या शिडाच्या जहाजाची. 1882 च्या फेब्रुवारीत ते न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन निघालं, 98 दिवसांनी लंडनला पोचलं, बहुतेक मेंढ्या-कोकरांचे जवळपास 5 हजार सोललेले देह होते आत आणि फेकावा लागला तो एक. वाटेत थंड हवा नीट फिरेना म्हणून कॅप्टन व्हिटसन स्वतः हवेच्या नळकांड्यात सरपटत गेला आणि आतच गारठून निपचित पडायची वेळ आली, पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढला. हा प्रसंग मला फार लागतो. ज्या थंडीवर आज अर्धं जग जेवतं ती सुरुवातीला कुणीतरी अशी अंगावर घेतलीय.

त्यानंतरचं सगळ्यांना थोडंफार माहीत असतं, 1956 मध्ये माल्कम मॅक्लीन या अमेरिकी मालवाहतूकदाराने 58 कंटेनर एका जहाजावर चढवले, 1974 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी दुकानात आजच्यासारखा बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला, आता काउंटरवर बीप वाजला की उद्याची ऑर्डर गोदामाकडे आणि तिथून मागे शेतापर्यंत जाते.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळं. हे सगळं तंत्र एकच गोष्ट विकत घेतं, थांबायची ताकद. सफरचंद दहा महिने ठेवू शकणारा भाव बघून विकतो, ज्याचा माल संध्याकाळपर्यंत मऊ पडणार आहे तो मिळेल त्या भावाला देतो, आणि तो बहुतेक वेळा शेतकरीच असतो. धान्यात हे आणखी स्पष्ट दिसतं. धान्य 13-14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलं की त्याचा श्वास जवळजवळ थांबतो, मग ज्याच्याकडे सायलो, म्हणजे धान्याची उंच कोठारं, तो राजा. जगाच्या धान्यव्यापारातल्या चार मोठ्या कंपन्या, आर्चर डॅनियल्स मिडलँड, बंगी, कारगिल आणि लुई ड्रेफस, त्यातली सगळ्यात नवीसुद्धा 1902 ची आहे. कोठारं, बंदरं, जहाजं त्यांच्या हातात आहेत आणि म्हणून त्यांना घाई नसते.

म्हणून मला जिथे शेतकऱ्यांनी थंडी स्वतःच्या हातात ठेवली त्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, न्यूझीलंडमध्येच किवीवाल्यांची झेस्प्री आहे, दुधाची फोंटेरा सहकारी संस्था आहे. शेतकऱ्याला फक्त चांगलं बियाणं, चांगलं खत देऊन भागत नाही हो, बांधाजवळ प्रीकूलिंगची खोली द्या, त्याला दोन दिवस थांबता येऊ दे, मग बघा तो भाव कसा बोलतो ते.

आणि आपल्या बाजूचंही बोललं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. एवढ्या जहाजांनी आणि खोल्यांनी एकेका अंशाला जपत आणलेलं अन्न शेवटच्या दहा पावलांत जातं हे मला सहन होत नाही, आमच्याही घरी जातं.

निघताना ऑपरेटरने ते सुई टोचलेलं केळं माझ्या हातात दिलं, टोचलेलं विकता येत नाही म्हणाला. अजून हिरवटच होतं, देठाकडे नुकती पिवळी झाक आलेली. घरी सफरचंदांच्या शेजारी ठेवलं. तिसऱ्या दिवशी पिवळंधमक झालं, सुईच्या जागी एक बारीक काळा ठिपका होता, तेवढा काढून खाल्लं.