थैली पुढे सरकवली

रविवार, रात्र

मागच्या रविवारी चर्चमध्ये अर्पणाची थैली आमच्या बाकापाशी आली. मी ती नेहमीसारखी शेजारच्या काकूंकडे सरकवली, आणि आमच्या लेकबाईसाहेब माझ्या कानाशी लागल्या, "मम्मा, आपण कधीच काही टाकत नाही ना?"

काकूंनी ऐकलं असणार. एकदम गीतांच्या पुस्तकात डोकं खुपसून बसल्या.

आठवडाभर तेच वाक्य. कधीच काही टाकत नाही म्हणे! अगं, पगार जमा होतो त्याच दिवशी दशमांश, पगाराचा दहावा भाग, चर्चला जातो. पहिल्या पगारापासून. नोकरी गेली होती त्या वर्षीसुद्धा... जाऊ दे, ते वर्ष नको. आता तर मला बोटही लावावं लागत नाही, बँक आपणहून वळता करते. आणि हे मी कुणाला सांगत नाही, कारण बायबलमधलं मत्तय ६:३. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. शब्बाथ शाळेत पाठ केलेलं वचन इतकं काटेकोर पाळलं की पोटच्या पोरीला आपली आई चिक्कू वाटते.

आईचं तसं नव्हतं. थैली दोन बाकं पुढे असतानाच ती माझ्या मुठीत नाणं सरकवायची. तिच्या हातात उपासनाभर राहून गरम झालेलं, जरासं ओलसर. मूठ थैलीत आत घालायची आणि मगच उघडायची, हा नियम. शिवाय घरात तिचा तो डबा. महिला मंडळातून आलेला, सगळ्यात लहान नाण्याचा. ही कल्पना ज्यांची, त्या शांती सॉलोमन यांची गोष्ट ती मला कितीदा सांगायची! १९५६ मध्ये त्यांना कोरियात जाऊ दिलं नाही, बरोबरच्या बाया पुढे गेल्या, आणि मागे राहून त्यांना हे सुचलं: प्रार्थना करताना प्रत्येकीने आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवायचं. म्हणजे श्रीमंतीण जास्त देणार नाही आणि गरीब कमी देणार नाही. नाणं टाकताना आई डोळे मिटायची. मी मात्र डबा हलवून बघायचे, किती झाले.

म्हणजे मी बघत होते. ती बघू देत होती.

मार्क १२ मध्ये येशू मंदिराच्या दानभांडारासमोर बसून, कोण काय टाकतं ते बघतच होता की. नाहीतर त्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, होती नव्हती ती चिल्लर, आपल्यापर्यंत पोचल्या असत्या का? मग दाखवायचं की लपवायचं? पाळकसाहेबांना विचारलं तर ते दोन्ही वचनं नीट जुळवून देतील. पण मला जुळवून नको होतं. मला रुसायचं होतं.

आणि आईचं सगळंच गोड होतं असंही नाही. माझा निळा फ्रॉक तिने मला न विचारता दिला. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, लूक ३. पण माझे दोन होते म्हणून माझाच का? पुढच्याच रविवारी ती मुलगी तो फ्रॉक घालून माझ्या पुढच्या बाकावर. संपूर्ण उपदेशभर मी त्याच्या पाठीमागचा बो बघत बसले. बायबलमधली दानशूर टबीथा मेली तेव्हा विधवांनी तिने शिवलेले कपडे येशूच्या शिष्याला, पेत्राला, रडत रडत दाखवले, तो भाग वाचला की अजून मला तोच बो आठवतो. टबीथाने निदान स्वतः शिवून दिले होते!

बुधवारी कधीतरी लक्षात आलं की मी नऊ वर्षांच्या मुलीकडून शाबासकी मागतेय. बँकेचा उतारा काढून तिला दाखवावा, इथपर्यंत मजल गेली होती. धन्य.

तर आज पर्स उपसली. हल्ली नाणी कुठे असतात? अस्तराच्या फाटक्या कोपऱ्यात एक सापडलं. उपासना सुरू होताच तिच्या मुठीत दिलं. "आत्ताच?" म्हणाली. हो, आत्ताच.

मध्यस्थीच्या प्रार्थनेत, सगळं चिडीचूप असताना, ते पडलं. फरशीवर, कडेवर. घरंगळत, घरंगळत, पार वेदीकडे. अख्ख्या मंडळीने डोळे उघडले. ती बाकांखालून रांगत गेली आणि गुडघे काळे करून, नाणं उंच धरून परत आली, "सापडलं!" डाव्या हाताचं सोडा, गायनमंडळालाही कळलं. काकू तर पुस्तकाआड हलत होत्या, हसून हसून.

रात्री आईला फोन केला. हे सगळं सांगितलं, तीही खूप हसली. मग न राहवून म्हटलं, "आई, तो निळा फ्रॉक आठवतो तुला?"

बराच वेळ विचार केला तिने.

"कुठला गं फ्रॉक?"