तीन पंचवीसची विरार

डिसेंबर संपत आला की एखाद्या दुपारी आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो कागद येऊन पडतो. थर्टीफर्स्टच्या रात्री जादा लोकल. चर्चगेटहून विरारला सव्वा, दोन, अडीच आणि तीन पंचवीस. सीएसएमटीहून कल्याणला दीड, पनवेललाही दीड. मी मेथी निवडत होते, आणि त्या तीन पंचवीसपाशी अडकले. साडेतीन का नाही? पहाटे त्या वेळेला चर्चगेटच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या माणसाला घड्याळातला मोठा काटा कुठला नि छोटा कुठला हे तरी धड सांगता येईल का? पण रेल्वेचं आपलं तीन पंचवीस म्हणजे तीन पंचवीस. तुम्ही नाचा, गा, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आडवे व्हा. गाडी पंचविसाला सुटणार.

ह्या जादा गाड्यांवरून माझं एक जुनं खूळ आहे. कुठलाही उत्सव लोकांचा आहे की नुसता कॅलेंडरचा, हे मी त्याला जादा लोकल सुटते का, यावरून ठरवते. भाषणं, होर्डिंग, डीपी बदलणं ह्याला काही मोजावं लागत नाही. मध्यरात्रीनंतर गाडी काढायची तर मोटरमन लागतो, गार्ड लागतो (त्यांना आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं असतं, आम्ही गार्डच म्हणणार), पोलीस लागतात, आणि मुख्य म्हणजे रूळ लागतात. शेवटची लोकल गेल्यापासून पहाटेची पहिली सुटेपर्यंत जेमतेम दोन-तीन तास ते रूळ मोकळे असतात. तेवढ्यात ओव्हरहेड वायरची वीज बंद करून टॉवर वॅगन फिरवायची, खडी सारखी करायची, सांधे तपासायचे. त्या वेळातून चार गाड्या काढून देणं म्हणजे रेल्वेने आपल्या आनंदाला दिलेली खरीखुरी वर्गणी आहे, असं माझं मत.

ह्या हिशेबाने पहिला नंबर अर्थातच गणपतीचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री जादा गाड्या सुटतात, आणि त्यातल्या एखाद्या गाडीच्या लेडीज डब्यात जो बसला नाही त्याने मुंबई पाहिली असं मी म्हणणार नाही. (पुरुषांची पंचाईत आहे, मान्य.) अडीच वाजलेत आणि डबा भरलेला. चर्नी रोडला चढलेली एक बाई आठवते. चौपाटीच्या गर्दीत एक चप्पल गेली होती, उरलेली मांडीवर धरून बसली होती. पायाच्या बोटांमध्ये गुलाल आणि वाळूचा चिखल. समोरची म्हणाली, टाका की ती, एकीचा काय उपयोग? तर म्हणे, नवीन आहे हो, जिवावर येतं. तेवढ्यावरून दोघींची जी गट्टी जमली ती थेट अंधेरीपर्यंत.

एरवी साडेअकराच्या लोकलने उतरलेल्या बाईला रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे तोंडाने न बोलता विचारत असतात, इतक्या उशिरा कुठून? डब्यात रात्रपाळीचा पोलीस असतो, तोही चार बायकांच्या डब्यात पाचवी चढली की एकदा बघून घेतो. विसर्जनाच्या रात्री मात्र कुणी काही विचारत नाही. माझ्या सासूबाई, ज्यांनी आयुष्यभर दिवेलागणीला घरात असण्याचा आग्रह धरला, त्या स्वतः एका वर्षी पहाटे तीनला घरी आल्या आणि वर चहा मागितला.

दुसरा नंबर थर्टीफर्स्ट. तो मला आवडत नाही, पण नियम म्हणजे नियम. शिवाय बाराच्या ठोक्याला सीएसएमटीला उभ्या असलेल्या लोकल एकदम भोंगे वाजवतात, ते एकदा ऐकलं की नव्या वर्षाबद्दलची निम्मी तक्रार मिटते.

आणि मग येतात १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी. इथे माझं खूळ गडबडतं. देशाचे मोठे दिवस, आणि त्या दिवशी लोकलला चक्क रविवारचं वेळापत्रक लागतं. सुट्टी ना! म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचं पान उलटलं तर गाड्या जादा, आणि प्रजासत्ताक साजरं करायचं तर कमी. त्यातून आपलं स्वातंत्र्य आलं तेच मुळी रात्री बारा वाजता, ऐन शेवटच्या लोकलच्या गडबडीत. त्या रात्री तरी एक जादा गाडी नको?

बरं, लोकांना हौस नाही म्हणावं तर तसंही नाही. आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहायचो. २६ जानेवारीच्या संध्याकाळी ‘लायटिंग बघायला’ व्हीटीला (म्हणजे आताच्या सीएसएमटीला) जायचं हे आमच्या घरी संक्रांतीच्या तिळगुळाइतकं ठरलेलं. आई तिखटमिठाच्या पुऱ्या करायची. डबा आझाद मैदानाच्या कडेला उघडायचा, तोवर कुणी मागायचं नाही. स्टेशनच्या अख्ख्या इमारतीवर केशरी, पांढऱ्या, हिरव्या बल्बांच्या माळा, समोर महापालिकेच्या इमारतीवर तशाच. दोन्ही एकाच स्टीव्हन्स साहेबाने बांधलेल्या. त्यातल्या ह्या स्टेशनाला व्हिक्टोरिया राणीचं नाव मिळालं ते तिच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवात, १८८७ साली. बाबा हे दर वर्षी नव्याने सांगायचे आणि राणीच्या घरावर आपला तिरंगा कसा, म्हणून खूश व्हायचे. केशरी रांगेतले दोन-चार बल्ब हमखास गेलेले असत. धाकटा भाऊ ते मोजत बसायचा.

तिथून फ्लोरा फाउंटन. आणि फाउंटनला पोचलं की बाबा घड्याळ बघायचे. शेवटची गाडी पकडायची नसते, तिच्या आधीची पकडायची असते, हा त्यांचा सिद्धान्त. शेवटची चुकली तर मागे काही नाही, म्हणून. त्यामुळे मंत्रालयाची रोषणाई मला ऐकूनच माहीत. गेटवेपर्यंत तर आमचा २६ जानेवारी कधी पोचलाच नाही.

आमच्या शेजारून लालबाग-परळच्या चाळींचे ट्रक जायचे. उघडे ट्रक, त्यात अख्खी चाळ उभी, पोरं फाळक्याला धरून, म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या पाठीमागे सतरंजी टाकून बसलेल्या. शिट्ट्या, पिपाण्या, भारत माता की जय. त्यांना कसली आलीय शेवटची गाडी? ते गेटवे करून, मरीन ड्राइव्ह करून, वाटलं तर पुन्हा व्हीटीला येणार. आम्ही मात्र उतरलेले चेहरे आणि उरलेल्या पुऱ्या घेऊन कल्याण लोकलमध्ये. देशप्रेमाला वेळापत्रक आडवं येतं, हे मला वयाच्या मानाने फारच लवकर समजलं.

एकदाच हिशेब उलटा झाला. करोनात लोकल बंद झाली ती मार्च २०२० मध्ये. पुढे कधी अत्यावश्यकवाल्यांना, कधी ठरावीक वेळेपुरती सगळ्यांना आणि पुन्हा बंद, असं चाललं. मग सरकारने जाहीर केलं की लशीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकल खुली, तारीख १५ ऑगस्ट २०२१. खिडकीवर सर्टिफिकेट दाखवून पास काढला तेव्हा माझे हात थरथरत होते, थट्टा नाही. त्या दिवशी रविवार होता. काम काही नव्हतं. तरी मी बोरिवलीहून दादरला गेले, पुलावर गेले, परत आले. झेंडावंदन केलं नाही ते नाहीच.

आता हे सगळं लिहून झाल्यावर ध्यानात येतंय की यादीतला एक दिवस मी टाळत आले. ५ आणि ६ डिसेंबरच्या मधली रात्र. तेव्हाही जादा लोकल सुटतात, परळहून ठाणे-कल्याणला, कुर्ल्याहून वाशी-पनवेलला. नागपूरहून लांब पल्ल्याच्या जादा गाड्या येतात त्या वेगळ्याच. माणसं चैत्यभूमीला तासन्‌तास रांगेत उभी राहतात, शिवाजी पार्कवर पुस्तकं विकत घेतात, सोबत आणलेली भाकरी खातात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात. आमच्याच ग्रुपवर त्या आठवड्यात मेसेज फिरतो, दादरला जाऊ नका, फार गर्दी आहे. पाठवणारे तेच, जे विसर्जनाला दोन वाजता गिरगावात गर्दीतून फोटो टाकत असतात. एका वर्षी मी खाली लिहिलं, गर्दी आहे म्हणूनच जादा गाड्या आहेत. दोन तास कुणी काही बोललं नाही, मग कुणीतरी गुड नाइटचं फूल टाकलं.

तो सण नव्हे, आठवणीचा दिवस आहे, म्हणून माझ्या नंबरांत बसत नाही. पण आम्ही ज्या २६ जानेवारीचे बल्ब मोजत उभे राहायचो, तो दिवस ज्या संविधानाचा, ते लिहिणाऱ्या माणसासाठी वर्षातून एकदा रेल्वे मध्यरात्री रूळ मोकळे करून देते. आणि आमच्या ग्रुपवर तो कागद आजवर कुणी टाकलेला नाही.